लिस्टच्या आत लिस्ट : केळी, थंडी आणि 'सलग' दिवस

आर ही भाषा न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी तयार केली. तिची १.०.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. ती फुकट मिळते, हा हॉस्टेलवाल्यांच्या दृष्टीने तिचा पहिला गुण! व्हेक्टर आणि मॅट्रिक्सपर्यंत सगळ्यांचं ठीक चालतं. लिस्टमध्ये लिस्ट आली की मात्र गाडी अडते. म्हणून आज तेवढंच बघू, आणि तेही घरच्या उदाहरणावरून.

हिवाळ्यात पारा उतरला की केळीच्या बागेची वाढ थांबते, हे रावेर-यावलकडच्या मुलांना सांगायला नको. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत थंडीची भरपाई महसूल मंडळासाठी ठरवलेल्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते. किमान तापमान ठरावीक अंशापर्यंत उतरून सलग काही दिवस तिथेच राहायला हवं. यातला 'सलग' हा शब्द लक्षात ठेवा, सगळी गंमत त्याच्यातच आहे.

जिल्ह्यात तालुके, तालुक्यात मंडळं आणि मंडळात रोजचे आकडे अशी ही रचना. जळगाव जिल्ह्यात १५ तालुके, पण प्रत्येकात मंडळं सारखी नाहीत आणि प्रत्येक मंडळाच्या नोंदीही सारख्या नसतात. चौकोनी टेबलात हे नीट बसत नाही, लिस्टमध्ये बसतं. खालचे आकडे फक्त समजण्यापुरते आहेत (आणि कोड छपाईसाठी देवनागरीत दिलाय, लॅबमध्ये इंग्रजी स्पेलिंग टाका) :

थंडी <- लिस्ट(
रावेर = लिस्ट(सावदा = सी(११, ७, ७), खिरोदा = सी(७, १०, १२)),
यावल = लिस्ट(फैजपूर = सी(९, ७, ७, ७), भालोद = सी(१०, ९, ९)))

आधी कंसाचा घोळ. थंडी["रावेर"] लिहिलं तर रावेर मिळतो, पण डब्यासकट. म्हणजे एकच वस्तू असलेली लिस्टच परत येते. थंडी[["रावेर"]] लिहिलं की झाकण उघडून आतलं हातात येतं. मेसच्या डब्याला जेवण म्हणत नाहीत, तसंच हे! आणखी आत जायचं तर थंडी[["रावेर"]][["सावदा"]]. आत काय काय आहे ते विसरलात तर एसटीआर(थंडी) टाका, सगळं झाड पायरीपायरीने दिसतं. माझ्या मते कोणत्याही नवीन लिस्टवर पहिली कमांड हीच हवी.

आता प्रश्न असा : कुठल्या मंडळात ८ अंश किंवा त्याखाली सलग ३ दिवस गेले? बरेच जण घाईने अनलिस्ट(थंडी) करतात, कारण एक सपाट व्हेक्टर मिळाला की हायसं वाटतं. त्यावर आरएलई चालवलं (हे फंक्शन लागोपाठ येणाऱ्या सारख्या किमती मोजतं) तर ३ दिवसांचे दोन पट्टे मिळतात. खरा एकच आहे, फैजपूरचा. दुसरा कुठून आला? सावद्याचे शेवटचे दोन ७ आणि खिरोद्याचा पहिला ७ एकमेकांना चिकटले. अनलिस्ट नावं ठेवतं, 'रावेर.सावदा२' वगैरे, पण आरएलई मोजताना नावांकडे बघत नाही. मंडळाची हद्दच पुसली गेली.

म्हणून मोजणी आतच करायची :

सलग <- फंक्शन(क) { र <- आरएलई(क <= ८); मॅक्स(सी(०, र$लेंग्थ्स[र$व्हॅल्यूज])) }
उत्तर <- एलअप्लाय(थंडी, फंक्शन(त) एसअप्लाय(त, सलग))

एलअप्लाय तालुक्यातालुक्याला जातं, आतलं एसअप्लाय मंडळामंडळाला. उत्तर येतं सावदा २, खिरोदा १, फैजपूर ३, भालोद ०. सी मधलं ते ० भालोदसाठी आहे. थंड दिवस एकही नसेल तर मॅक्सला काहीच मिळत नाही आणि ते वॉर्निंग देऊन उणे अनंत सांगतं!

केंद्र एखाद्या दिवशी बंद असेल तर? तिथे एनए लिहा, नल नको. सी(७, नल, ७, ७) मध्ये तीनच आकडे उरतात. बंद दिवस गायब, आणि आपलं फंक्शन बिनधास्त सलग ३ दिवस सांगतं. एनए लिहिलं तर उत्तरही एनए येतं, म्हणजे माणसाने जाऊन नोंदवही बघायची. लिस्टमध्ये नलचा हिसका आणखी मोठा. थंडी$यावल$भालोद <- नल केलं की अख्खं मंडळच यादीतून जातं, आणि एरर एकही येत नाही. विमा कंपनीचा माणूस असो की शेतकऱ्याचा मुलगा, नसलेलं मंडळ यादीत शोधणार कोण?

हिशोब झाल्यावर मात्र अनलिस्ट(उत्तर) खुशाल करा. आता एका मंडळाला एकच आकडा आहे, 'यावल.फैजपूर' असं नाव सोबत राहतं आणि चिकटायला काही उरलेलं नसतं. दोनाच्या जागी पंधराही तालुके भरले तरी वरच्या ओळी बदलाव्या लागत नाहीत. फक्त डेटा टाइप करायला रूममेट पटवा.