खेळातून स्वच्छतेकडे

केनियाची राजधानी नैरोबी येथील माथारे या दाट झोपडवस्तीत १९८७ साली युवक क्रीडा संघटना स्थापन झाली. कचऱ्याने तुंबलेली गटारे व त्यांतून उद्भवणारी रोगराई ही तेथील नित्याची व्यथा. यास्तव संघटनेने फुटबॉलच्या साखळी स्पर्धेत एक अभिनव नियम घातला : सामन्यांतील गुणांखेरीज, वस्तीच्या सफाईचे काम पुरे करणाऱ्या संघास सहा गुण द्यावयाचे. केवळ चेंडूवरील कौशल्याने अग्रस्थान मिळेना. साहजिकच मैदानावरील चुरस गल्लीबोळांत उतरली. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या कार्याचा 'ग्लोबल ५००' पुरस्काराने गौरव केला. एका दिवसाच्या मोहिमेचा उत्साह ओसरतो. साखळी स्पर्धेमुळे मात्र श्रमदानात सातत्य राहते. कबड्डी, खो-खोचे सामने भरविणाऱ्या आपल्या ग्रामपंचायतींनी व शाळांनी हा गुणतक्ता अवश्य अभ्यासावा.