लोणारचा परीघ आणि लाल अक्षरे

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अशनिपाताने झाले, हे तुम्ही वाचले असेलच. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. मग परीघ किती? हे गणित पायथन या संगणकभाषेत घालू. तीन ओळी पुरेत: पहिलीत व्यास, दुसरीत त्याला ३.१४ ने गुणून परीघ, तिसरीत ‘प्रिंट’, म्हणजे उत्तर दाखवण्याची आज्ञा.

उत्तराऐवजी ‘सिंटॅक्स एरर’ अशी लाल अक्षरे उमटली, की बरेच विद्यार्थी सगळे पुसून पुन्हा लिहू लागतात. तसे करू नये. हा केवळ व्याकरणाचा दोष असतो. संगणक आधी सबंध मजकूर वाचतो. रचना पटली तरच पहिली ओळ चालवतो. म्हणून दोष तिसऱ्या ओळीत असला तरी पहिलीदेखील चालत नाही. संदेशात ओळीचा क्रमांक असतो, तो पाहावा.

पण क्रमांकावर आंधळा विश्वास नको. समजा, दुसऱ्या ओळीत कंस उघडला आणि मिटायचा राहिला. कंस उघडा असेतो ओळ संपली तरी वाक्य संपत नाही. संगणक तिसरी ओळही त्याच वाक्यात धरतो आणि ‘प्रिंट’पाशी अडखळतो. जुन्या आवृत्त्या म्हणून तिसऱ्या ओळीला दोष देत. २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून बहुधा उघड्या कंसाकडेच बोट दाखवले जाते.

आता खास आपल्याकडची अडचण. पायथन ३ मध्ये राशींना ‘व्यास’, ‘परीघ’ अशी मराठी नावे चालतात; पण आज्ञेत संख्या देवनागरी अंकांत लिहिली की दोष! तिथे इंग्रजी अंकच हवेत. त्याहून फसवा विसर्ग. ‘इफ’ने सुरू होणारी अट अपूर्णविरामाने संपवावी लागते. कळफलक मराठीवर राहून ‘सीमा’पुढे विसर्ग पडला, तर संगणकाला ‘सीमाः’ हे निराळेच नाव वाटते आणि तो अपूर्णविराम मागत राहतो. आपल्या डोळ्यांना तर तो समोर दिसतो! (माझी एक अख्खी दुपार यात गेली आहे.) ती खूण पुसून, कळफलक इंग्रजीवर घेऊन पुन्हा टाकावी.

सगळे दुरुस्त झाले, की उत्तर येते सुमारे ५.६५ किलोमीटर. मात्र घाईत ३.१४ ऐवजी ३.४१ लिहिले, तर व्याकरण शुद्धच राहते. लाल अक्षर एकही उमटत नाही, आणि लोणारचा परीघ जवळजवळ अर्ध्या किलोमीटरने वाढतो.