काडी फेकू नकोस

सांताक्रूझ

चि. मुक्तास,


फोटो मिळाला. पेटालुमाच्या टेकडीवरून मूठभर ओंब्या आणल्यास आणि त्या परसात पेरणार म्हणतेस. बाळा, त्या पेरू नकोस. ते ‘अव्हेना फॅटुआ’, रानओट. भूमध्य समुद्राकडचं हे गवत स्पॅनिश लोकांच्या काळात इथे कॅलिफोर्नियात आलं. हिवाळ्याच्या पावसावर उगवतं, उन्हाळ्याच्या तोंडाशी दाणे झाडून मरतं. इथल्या टेकड्या उन्हाळ्यात सोनेरी दिसतात त्या बहुतांशी अशा बाहेरून आलेल्या, वर्षभरात संपणाऱ्या गवतांमुळे.

तुला परसात इथलं मूळचं गवत हवं आहे, ते ‘डँथोनिया कॅलिफोर्निका’, म्हणजे कॅलिफोर्निया ओटग्रास. हे इथलंच, वर्षानुवर्षं जगणारं, ठोंबाने वाढणारं. ब्रिटिश कोलंबियापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या कुरणांत सापडतं. पातं काडीला मिळतं तिथे लांब पांढरे केस असतात, ते बघ. शेंड्याला भरगच्च ओंबी नसतेच, चार-पाच टपोरे तुरे एकमेकांपासून फाकलेले. दाण्याला पीळ पडलेलं कुसळ असतं. लहानपणी सासवडच्या माळावरून आम्ही परकराला कुसळं चिकटवून घरी यायचो, त्या कुसळी गवताची मला दर वेळी आठवण होते. कूळ एकच, पण जात निराळी.

आता या गवताची खरी गंमत सांगते. शेंड्यावरचे दाणे सगळ्यांना दिसतात. पण खाली, काडीच्या पेऱ्यांपाशी, पानाच्या आवरणात याची आणखी फुलं दडलेली असतात. ती कधी उघडतच नाहीत. आतल्या आत परागण होऊन तिथेच दाणा धरतो. वरचा शेंडा गुरांनी खाल्ला तरी हे बी शाबूत राहतं. पुढे वाळलेली काडी पेऱ्यापाशी मोडते आणि दाण्यासकट जमिनीवर पडते. पहिल्या वर्षी मी परस नीटनेटका दिसावा म्हणून सगळ्या वाळक्या काड्या कापून कचऱ्यात दिल्या, आणि निम्मं बी स्वतःच्या हाताने घालवलं. तू तसं करू नकोस. काड्या मोडून तिथेच पडू देत.

मृगाची पेरणी डोक्यातून काढून टाक. इथे पाऊस हिवाळ्यात, तेव्हा पेरणीही पहिल्या पावसाच्या सुमाराला. बी आळशी असतं. तळहातावर चोळून तूस काढ, ट्रेमध्ये पातळ मातीआड पेर आणि ट्रे बाहेरच ठेव. गारठा आणि ओल त्याला लागतेच. काही दाणे लवकर उगवतील, काही महिनोन् महिने पडून राहतील. ट्रे रिकामा दिसला म्हणून माती ओतून टाकू नकोस. रोपं हाताळण्याजोगी झाली की पुढच्या पावसात वीतभर अंतरावर लाव. तुझी चिकण माती त्याला चालते, पावसाळ्यात दलदल झाली तरीही. पहिला उन्हाळा अधूनमधून पाणी घाल, मग हळूहळू तोड.

खरं कष्टाचं काम निंदणीचं. रानओटाचं रोप भराभर वाढतं आणि हे बिचारं त्याच्या सावलीत गुदमरतं. पहिली दोन वर्षं हाताने उपटावं लागेल. ठोंब एकदा धरला की पायदळी तुडवलेलं, छाटलेलं सगळं सोसतो. मुलांना खुशाल खेळू दे.

बी किंवा रोपं तुझ्याच भागातली घे. कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लांट सोसायटीच्या शाखा शरदात रोपविक्री भरवतात, तिथे चौकशी कर. उद्यानातून न विचारता ओरबाडू नकोस. मूळची कुरणं आधीच थोडी उरली आहेत.

टेकडीवरून आणलेल्या त्या ओंब्या पिशवीत गच्च बांधून कचऱ्यात टाक, कंपोस्टमध्ये नको. परसातलं रानओट दाणे धरायच्या आत उपट. ऑक्टोबरअखेर मी ट्रे घेऊन येते, आपण दोघी मिळून पेरू.

तुझी,
आत्या