हवामानाच्या विक्रमांची तुलना कशी करावी : चेन्नईच्या नोंदींतून काही धडे

मोठा पाऊस किंवा वादळ होऊन गेले की "असे पन्नास वर्षांत घडले नव्हते" हे विधान गावोगावी ऐकू येते. अनेकदा ते खरे असते. अनेकदा केवळ ताज्या स्मरणाचा तो परिणाम असतो. कृषी विस्तार कार्यकर्त्याला या दोहोंतील भेद ओळखता येणे आवश्यक आहे, कारण पेरणीचा सल्ला, चर काढण्याचा निर्णय, फळबागेचे संरक्षण आणि नुकसानभरपाईची मागणी या सर्वांचा पाया हवामानाची नोंद हाच असतो. नोंदींची तुलना कशी करावी आणि कशी करू नये, हे समजून घेण्यासाठी चेन्नईचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

चेन्नईच का?

तत्कालीन मद्रास येथे ईस्ट इंडिया कंपनीने 1792 मध्ये नुंगमबाक्कम भागात वेधशाळा उभारली. भारतीय हवामान विभागाची स्थापना 1875 ची. म्हणजे मद्रासची वेधशाळा त्याहून 83 वर्षांनी जुनी. आज शहरात नुंगमबाक्कम आणि विमानतळाजवळील मीनमबाक्कम अशी दोन प्रमुख निरीक्षण केंद्रे आहेत. त्याचबरोबर हवामानाची आवड जोपासणारे हौशी अभ्यासकही या शहरात मोठ्या संख्येने आहेत. 'तमिळनाडू वेदरमॅन' या नावाने परिचित असलेले प्रदीप जॉन हे त्यांतील सर्वज्ञात नाव. जुन्या नोंदी नव्या नोंदींशी ताडून पाहणे हा या अभ्यासकांचा आवडीचा विषय होय. अशा तुलनेतून पुढील चार गोष्टी स्पष्ट होतात.

1. विक्रम शहराचा नसतो, केंद्राचा असतो

डिसेंबर 2015 च्या आरंभी झालेला पाऊस चेन्नईच्या स्मरणात कायमचा कोरला गेला आहे. 2 डिसेंबर रोजी सकाळी संपलेल्या 24 तासांत तांबरम येथे 49 से.मी., चेंबरमबाक्कम येथे 47 से.मी., मीनमबाक्कम येथे 35 से.मी., तर नुंगमबाक्कम येथे 29 से.मी. पावसाची नोंद झाली. आता प्रश्न असा, की 25 नोव्हेंबर 1976 च्या पावसापेक्षा हा पाऊस मोठा होता काय? त्या दिवशी नुंगमबाक्कम येथे 45 से.मी. पाऊस नोंदला गेला होता. तांबरमचा आकडा समोर ठेवला तर 2015 चा पाऊस मोठा ठरतो. नुंगमबाक्कमची नुंगमबाक्कमशी तुलना केली तर 1976 चा पाऊस कितीतरी मोठा ठरतो. दुसरी तुलनाच योग्य, कारण तीत केंद्र तेच आहे.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. जुलै 2005 मधील महापुराच्या वेळी मुंबईत सांताक्रूझ येथे 94 से.मी. पाऊस झाला, त्याच 24 तासांत कुलाब्याला जेमतेम 7 से.मी. पाऊस पडला. एका शहरात एवढे अंतर पडत असेल, तर एका महसूल मंडळातील दोन गावांत पडणाऱ्या अंतराचे नवल वाटू नये.

2. काळ कोणता धरला, यावर निष्कर्ष बदलतो

नोव्हेंबर 2015 मध्ये चेन्नईत 1,049 मि.मी. पाऊस झाला. त्याचे वर्णन पुष्कळदा "शंभर वर्षांतील सर्वाधिक" असे केले जाते. प्रत्यक्षात नोव्हेंबर 1918 मध्ये, म्हणजे 97 वर्षांपूर्वी, 1,088 मि.मी. पाऊस नोंदला गेला होता. दिवसाचा, महिन्याचा आणि हंगामाचा विक्रम हे तीन स्वतंत्र विषय आहेत. शेतीच्या दृष्टीने त्यांचे परिणामही वेगळे असतात. एका दिवसाच्या अतिवृष्टीने बांध फुटतात आणि माती वाहून जाते. महिनाभर टिकलेल्या ओलीने मुळांना हवा मिळत नाही व बुरशीजन्य रोगांना वाव मिळतो.

दिवस कोणता, हाही बारकावा महत्त्वाचा आहे. भारतात पावसाची दैनंदिन नोंद सकाळी 8.30 वाजता घेतली जाते आणि आदल्या 24 तासांतील पाऊस मोजणीच्या तारखेस लिहिला जातो. म्हणून मुंबईकरांच्या आठवणीतील 26 जुलैचा पाऊस नोंदवहीत 27 जुलै या तारखेसमोर सापडतो. शेतकऱ्याने सांगितलेली तारीख आणि केंद्राच्या तक्त्यातील तारीख यांत एका दिवसाचा फरक दिसला, तर कोणाचेही म्हणणे खोटे ठरवण्यापूर्वी हा नियम आठवावा.

3. प्रत्येक वादळाचे मोजमाप वेगळे

चेन्नईत सर्वांत भीषण वादळ कोणते, यावर एकमत होणे कठीण आहे. जुन्या पिढीला 3 नोव्हेंबर 1966 चे वादळ आठवते. त्या वेळी 'स्टॅमॅटिस' हे जहाज मरीना किनाऱ्यावर येऊन रुतले होते. डिसेंबर 2015 मध्ये शहर जलमय झाले. मात्र तेव्हा चक्रीवादळ नव्हतेच, कमी दाबाच्या पट्ट्यामुळे तो पाऊस झाला होता. 12 डिसेंबर 2016 रोजी 'वरदा' चक्रीवादळ थेट चेन्नईजवळ किनारा ओलांडून गेले आणि हजारो झाडे उन्मळून पडली. डिसेंबर 2023 मधील 'मिचाँग' चक्रीवादळाने 5 डिसेंबरला किनारा गाठला तो आंध्र प्रदेशातील बापटलाजवळ. तरीही त्यापूर्वी किनाऱ्यालगत संथपणे सरकत त्याने चेन्नईला पाण्याखाली घातले.

'वरदा' वाऱ्याचे वादळ होते, 'मिचाँग' पावसाचे. वादळ आपल्या गावावरून जाणार नाही एवढ्यावरून निर्धास्त होणे चुकीचे, हा यातील व्यावहारिक बोध आहे. केळी, पपई, द्राक्षमांडव यांना वाऱ्याचा वेग मारक ठरतो; कापूस, सोयाबीन, भाजीपाला यांना साचलेले पाणी. सल्ला देताना वादळाच्या नावापेक्षा अपेक्षित वारा, अपेक्षित पाऊस आणि वादळाची पुढे सरकण्याची गती या तीन बाबी पाहाव्यात.

4. तापमान : जागा आणि साधन

मे 2003 च्या अखेरीस चेन्नईत 45 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. उन्हाळ्यात तेथील पारा किती चढेल, हे बहुतांशी समुद्रावरून येणारे खारे वारे केव्हा सुरू होतात यावर ठरते. जमिनीवरून वाहणारे पश्चिमी वारे जोरदार असले की खारे वारे उशिरा आत शिरतात आणि तापमान वाढत राहते. नुंगमबाक्कम किनाऱ्याच्या अधिक जवळ असल्याने तेथे दिलासा लवकर मिळतो. आत असलेले मीनमबाक्कम उन्हाळ्यात बहुधा अधिक तापते.

अधिकृत तापमान पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत आणि खेळत्या हवेत मोजले जाते. पत्र्याच्या छपराखाली, भिंतीला टांगलेल्या किंवा मोटारीतील तापमापकाचा आकडा त्याच्याशी ताडता येत नाही. मोबाइलवर दिसणारे तापमान तर पुष्कळदा मोजलेले नसून गणिताने अंदाजिलेले असते.

गावपातळीवर काय करावे?

महाराष्ट्रात 24 तासांत महसूल मंडळात 65 मि.मी.पेक्षा अधिक पाऊस झाल्यास तो अतिवृष्टी गणला जातो आणि त्यासाठी मंडळातील केंद्राची नोंद ग्राह्य धरली जाते. शेतावरील स्वतःची नोंद तिची जागा घेऊ शकत नाही. मात्र केंद्रावर 40 मि.मी. आणि शेतावर 90 मि.मी. पाऊस झाला असेल, तर पाहणीची मागणी वेळेत व मुद्देसूद करण्यास अशी सलग नोंद आधार देते. त्यासाठी पुढील दक्षता घ्यावी.

- पर्जन्यमापक मोकळ्या जागी, झाड किंवा इमारतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर बसवावा.
- मोजपात्र त्याच पर्जन्यमापकाचे असावे. दुसऱ्या व्यासाच्या मापकाचे पात्र वापरल्यास आकडा चुकतो.
- मोजणी रोज सकाळी 8.30 वाजता करावी. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे.
- मापक हलवला अथवा बदलला, तर ती तारीख वहीत नमूद करावी. त्यापूर्वीच्या व नंतरच्या आकड्यांची सरळ तुलना करू नये.
- वाऱ्याची दिशा, गारा, शेतात पाणी किती तास साचले, पीक कोणत्या अवस्थेत होते, हे शेऱ्यात लिहावे.

एका हेक्टरवर 1 मि.मी. पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. हा हिशेब ध्यानात ठेवल्यास शेततळे किती भरेल आणि चरातून किती पाणी बाहेर काढावे लागेल, याचा अंदाज वहीतील आकड्यांवरूनच बांधता येतो.

ज्येष्ठ शेतकऱ्यांच्या आठवणीही टाकाऊ नाहीत. पाणी कोणत्या ओट्यापर्यंत चढले, कोणता बांध फुटला, कोणत्या दिशेची झाडे पडली, ही माहिती कोणताही पर्जन्यमापक देत नाही. आठवण नुकसानीचे स्वरूप सांगते, नोंद त्याचे परिमाण सांगते. विस्तार कार्यकर्त्याने गावची वही भरताना दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात.