टोटल लॉस झालेली गाडी आणि कोऱ्या फॉर्मवरची सही

प्रश्न : आमची पेट्रोल कार चार वर्षांची आहे. जुलैच्या पावसात ती सोसायटीच्या बेसमेंटमध्ये रात्रभर पाण्याखाली होती. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) 5 लाख 20 हजार. सर्व्हेअरने दुरुस्तीचा खर्च 4 लाख 35 हजार काढून गाडी ‘टोटल लॉस’ ठरवली. कंपनी आता 3 लाख 79 हजार देऊ म्हणते. 1 लाख 40 हजार बुडालेली गाडी घेणारा माणूस देईल. त्याला आरसी आणि मालकी बदलाचे 29 व 30 नंबरचे फॉर्म कोरेच, फक्त सह्या करून हवे आहेत. बँकेचं 2 लाख 10 हजारांचं कर्ज बाकी आहे. एजंट म्हणतो, पैसे आले की विषय संपला. सह्या कराव्यात का?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. पैशांचं सांगतोच, पण तुमचा खरा धोका या सहीत आहे.

आकडे तसे बरोबर आहेत. पॉलिसीच्या अटींनुसार दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला, म्हणजे तुमच्या बाबतीत 3 लाख 90 हजारांवर, की गाडी टोटल लॉस धरतात. भरपाई आयडीव्हीइतकी मिळते. त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे 1 हजार वजा होतात, म्हणून 5 लाख 19 हजार. पॉलिसी चालू असताना या रकमेवर आणखी घसारा लावता येत नाही, त्यामुळे कोणी ‘आज बाजारात गाडीला इतकी किंमत नाही’ म्हणालं तर ऐकू नका. गाडी बंद असतानाच बुडाली, हेही तुमच्या बाजूचं आहे. पाण्यात स्टार्टर मारून इंजिन गेलं असतं, तर वाद झाला असता. जुलै 2021 मध्ये कांदिवलीच्या ठाकूर संकुलातलं महापालिकेचं भूमिगत पार्किंग भरलं आणि शेकडो गाड्या बुडाल्या. अशा वेळी गाडी चालू करून बघायचा मोह फार महागात पडतो.

आता तो खरेदीदार. बुडालेल्या गाडीला दोन भाव येतात, आरसीसकट आणि आरसीशिवाय. आरसीसकट भाव चढा असतो, कारण घेणारा नुसता पत्रा घेत नाही, तुमच्या गाडीचा नंबर आणि कागदपत्रंही घेतो. प्रामाणिक माणूस गाडी दुरुस्त करून स्वतःच्या नावावर करतो. पण भंगारातल्या गाडीचा चॅसी नंबर चोरीच्या गाडीवर ठोकून ती विकायची, हा धंदा पोलिसांना चांगला ठाऊक आहे. कोऱ्या फॉर्मवर तुमची सही असेल, तर गाडी तीन हातांतून फिरली तरी आरटीओच्या दफ्तरात मालक तुम्हीच.

हा नुसता कागदोपत्री त्रास नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर नेमकं हेच होतं. मूळ मालकाने 2007 मध्ये गाडी विकली, ती पुढे हातोहात गेली आणि 2009 मध्ये तिच्याखाली माणूस गेला. नोंद मूळ मालकाच्याच नावावर होती, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. तुमचा विमा तोवर संपलेला असेल, ती रक्कम घरातून भरावी लागेल.

म्हणून कंपनीला लेखी कळवा : बुडालेली गाडी तुम्ही ताब्यात घ्या आणि मला पूर्ण 5 लाख 19 हजार द्या. विमा नियामकाच्या जून 2024 च्या परिपत्रकानुसार मोडक्या गाडीची विल्हेवाट लावण्याचं काम ग्राहकाच्या गळ्यात घालता येत नाही. हे परिपत्रक पत्रात नमूद करा. गाडी पुन्हा रस्त्यावर येणार नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे वडाळा आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या. कायदा त्यासाठी 14 दिवस देतो, तेव्हा रेंगाळू नका. ती दुरुस्त होऊन चालणारच असेल, तर खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख भरलेल्याच फॉर्मवर सही करा, त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या आणि आरसी त्याच्या नावावर झाल्याचा पुरावा मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

कर्जाचं सोपं आहे. आरसीवर बँकेचा बोजा असल्याने भरपाईतून आधी 2 लाख 10 हजार बँकेला जातील, उरलेले 3 लाख 9 हजार तुम्हाला मिळतील. बँकेकडून एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 लगेच मागून घ्या. हप्ता मात्र मध्ये थांबवू नका. गाडी बुडाली म्हणून कर्ज थांबत नाही, आणि चुकलेला हप्ता तुमच्या सिबिलवर दिसतो.

कंपनीने नकार दिला किंवा 30 दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुलुंडसाठीचं कार्यालय ठाणे पश्चिमेला, जीवन चिंतामणी इमारतीत आहे. फी नाही, वकील लागत नाही. नकाराच्या पत्रापासून वर्षभरात तक्रार करता येते. सोबत पॉलिसी, सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत (ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे), बेसमेंटमधल्या पाण्याचे फोटो आणि कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार जोडा. एजंटशी फोनवर जे बोलणं झालं, ते आजच ईमेलवर लिहून कंपनीला पाठवा. तोंडी बोलण्याचा तिथे उपयोग होत नाही.