केसांची पांढरी बट आणि कोड

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलीच्या कपाळावरची केसांची बट सहा महिन्यांत पांढरी झाली. नातेवाईक म्हणतात, हे कोड आहे. खरं का? — एक आई, नवनगर, हुबळी

उत्तर : ताई, शक्यता आहे, पण नुसत्या बटेवरून ठरवू नका. केस बाजूला करून खालची त्वचा पाहा. तीही पांढरी असेल तर बहुधा कोडच. बट जन्मापासून असती तर तो वेगळा, सहसा न पसरणारा जन्मजात प्रकार असता. चाई पडून गेल्यावरही नवे केस आधी पांढरे उगवतात.

कोडात शरीराचीच प्रतिकारशक्ती रंगपेशी नष्ट करते. केसांच्या मुळाशी या पेशींचा राखीव साठा असतो, आणि उपचारांनी डागात रंग परततो तो बहुतेकदा तिथूनच, केसांभोवती ठिपक्याठिपक्यांनी. डागातले केसही पांढरे झाले म्हणजे तो साठा आटलेला असतो. अशा डागावर मलम आणि प्रकाशोपचार कमी चालतात. डाग वर्षभर स्थिर राहिला, तर रंगपेशींचं रोपण करता येतं. तरी साठा आणखी आटण्याआधी उपचार सुरू व्हावेत, म्हणून उशीर नको.

हुबळीच्या केएमसीआरआय (पूर्वीच्या किम्स) रुग्णालयात किंवा धारवाडजवळ सत्तूरच्या एसडीएम रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते विशेष दिव्याखाली डाग तपासतील, थायरॉईडची चाचणीही सांगतील. डोळे लाल झाले, अंधुक दिसू लागलं किंवा कानात आवाज येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

कोड संसर्गजन्य नाही, कुष्ठरोगही नाही. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने ते होत नाही. पथ्याच्या नावाखाली मुलीचं दही-लिंबू बंद करू नका, आणि तिच्यासमोर लग्नाची काळजी तर अजिबात बोलू नका.