आवाज कुणाचा?

इलेक्ट्रॉनिक म्युझिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? वरातीतला डीजे, गॅदरिंगची शेवटची रात्र, नाहीतर गळिताच्या हंगामात टेंभुर्णीतून ऊस भरून जाणारा ट्रॅक्टर आणि त्याच्यावरचा तो दणदणीत टेप! ट्रॅक्टर दिसायच्या आधी गाणं ऐकू येतं. आणि पर्यावरण म्हटलं की? एन्व्हायर्नमेंटचा सक्तीचा पेपर, पाच जूनचं वृक्षारोपण आणि 'झाडे लावा, झाडे जगवा'ची पाटी. या दोन गोष्टींचा संबंध असलाच तर एवढाच, की पहिली दुसरीला त्रास देते!

पण या दोन्हींना एकत्र आणणारे, आणि ते करताना सगळ्यांना मुद्दाम डिवचणारे कलावंत आपल्याच महाराष्ट्रात आहेत. मुंबईच्या 'स्वदेशी' या ग्रुपबद्दल आणि आरेच्या जंगलावरच्या त्यांच्या गाण्याबद्दल मी हा लेख लिहिते आहे. विषय गाण्याचा असला तरी तो आपल्या सिलॅबसच्या बाहेरचा नाही, हे शेवटी पटेल असं वाटतं.

आधी थोडं टेक्निकल

ईएनटीसीच्या मंडळींना हे पाठ असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. कॉम्प्युटरला लाट कळत नाही, आकडे कळतात. म्हणून लाटेचे ठरावीक अंतराने नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुन्याचा आकडा लिहून ठेवायचा. यालाच सॅम्पलिंग म्हणतात. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. जी सर्वांत वरची फ्रीक्वेन्सी टिपायची, तिच्या दुपटीपेक्षा जास्त नमुने दर सेकंदाला घ्यावे लागतात. म्हणून सीडीवर एका सेकंदाला ४४,१०० नमुने असतात.

नमुने कमी घेतले तर काय होतं? वरचा आवाज नुसता हरवत नाही, त्याच्या जागी मुळात नसलेला एक खोटा आवाज तयार होतो. याला एलियासिंग म्हणतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकदा आवाजाचे आकडे झाले की मग मजा! तो कापा, उलटा करा, पुन्हा पुन्हा वाजवा. बीट बनवणारा माणूस एका आवर्तनाचे सोळा समान भाग करतो आणि कुठल्या भागात काय वाजेल ते ठरवतो. मिनिटाला ९० ठोक्यांची लय धरली तर एक ठोका ०.६७ सेकंदाचा आणि सोळावा भाग साधारण ०.१७ सेकंदाचा. त्याच्या खाली ५० हर्ट्झच्या आसपासचा बास. या बासची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर, म्हणून तो भिंतीला जुमानत नाही आणि हॉस्टेलच्या खिडकीची काच थरथरते!

यंत्राच्या दृष्टीने आजीची ओवी, कुऱ्हाडीचा घाव आणि कोकिळेचा आवाज, सगळे सारखेच आकडे. कुणाचा आवाज आत घ्यायचा आणि कुणाचा बाहेर ठेवायचा, हे मात्र माणूस ठरवतो. गॅदरिंगला आपण बेंबीच्या देठापासून ओरडतो ना, 'आवाज कुणाचा?' तोच हा प्रश्न.

आरेत काय झालं?

मुंबईच्या गोरेगाव भागात आरे मिल्क कॉलनी आहे. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्‌घाटन झालं. सुमारे १,३०० हेक्टरचा हा हिरवा पट्टा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. इथे बिबट्यांचा वावर आहे आणि वारली व इतर आदिवासींचे पाडेही आहेत. डेअरी यायच्या आधीपासून आम्ही इथलेच, असं पाड्यांतले लोक सांगतात.

कुलाबा ते सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची मेट्रो-३ ठरली आणि तिच्या गाड्यांची कारशेड आरेत बांधायचं ठरलं. ऑगस्ट २०१९ मध्ये महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडं तोडायला आणि हलवायला मंजुरी दिली. लोक कोर्टात गेले. ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं पडायला सुरुवात झाली. लोक धावले, जमावबंदी लागली, २९ आंदोलकांना अटक झाली. कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, पण तोपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. तीन दिवसांत!

पुढचा प्रवास तर व्हायवाला विचारावा असा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने काम थांबवलं, २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरवलं, ते पुन्हा कोर्टात अडकलं, आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर कारशेड परत आरेत आली. सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांची परवानगी दिलेली असताना जास्त झाडांसाठी हालचाल केली म्हणून एप्रिल २०२३ मध्ये मेट्रो कंपनीला दहा लाख रुपये भरायला लावले, पण झाडं काढायला परवानगीही दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्ग.

'द वारली रिव्होल्ट'

या सगळ्या धामधुमीत, २०१९ सालीच, 'स्वदेशी'चं 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं आलं. स्वदेशी हा रॅपर आणि बीट बनवणाऱ्यांचा मुंबईतला ग्रुप. नावं बघा: एक एमसी मवाली, एक एमसी तोडफोड! शिष्ट माणसाने नाक मुरडावं म्हणूनच जणू ठेवलेली. तोडफोड म्हणजे धर्मेश परमार, तो गुजरातीतून रॅप करायचा. 'गली बॉय' चित्रपटातल्या एका गाण्यातही त्याचा आवाज आहे. मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला.

मला या गाण्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो त्यातला एक पाहुणा आवाज. तो आहे प्रकाश भोईर यांचा. ते आरेतल्या केलटीपाड्यावर राहणारे वारली चित्रकार आणि आंदोलनातले कार्यकर्ते. म्हणजे स्टुडिओतल्या पोरांनी आदिवासींबद्दल गाणं केलं आणि विषय संपला, असं झालं नाही. ज्याचं घर तिथे आहे तो माणूसच गाण्यात आला.

गाण्याचं नावही डिवचणारं आहे. १९४५ साली ठाणे जिल्ह्यात वारल्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली वेठबिगारीविरुद्ध मोठा उठाव केला. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्यावरच आहे. (आमच्या इंग्लिश मीडियमच्या हिस्टरीच्या पुस्तकात हा उठाव मला कुठे भेटला नाही. लायब्ररीत पुस्तक मिळालं तर जरूर वाचा.) ते नाव २०१९ मध्ये पुन्हा घ्यायचं म्हणजे, ही फक्त झाडांची गोष्ट नाही, जमीन कुणाची हा जुनाच प्रश्न आहे, असं तोंडावर सांगणं.

वारली चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत: वह्यांच्या कव्हरवर, कुर्त्यांवर, हॉटेलच्या भिंतींवर. मधे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसं. तारपा म्हणजे वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाची पानं यांचं वाद्य. वाजवणारा श्वास तुटू न देता नाद सलग चालू ठेवतो. चित्र आपण घरात लावतो, पण चित्रातल्या माणसाचं घर कुठे आहे हे आपण विचारत नाही. डिवचणारा कलावंत नेमकं हेच विचारतो.

इथे एक फरक सांगायलाच हवा. डिवचणं म्हणजे कानठळ्या बसवणं नव्हे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होते. नुसता आवाज वाढवून माणूस बहिरा होईल, विचार करणार नाही.

मग गाण्याने झाडं वाचली का?

नाही. हे स्पष्ट लिहायला हवं, कारण अशा लेखांत शेवटी सगळं गोड होतं आणि ते खरं नसतं. झाडं पडली, कारशेड झाली, मेट्रो धावतेय.

दुसरी बाजूही खोटी नाही. मुंबईची लोकल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मेट्रो नको असं म्हणवणार नाही. मेट्रोमुळे रस्त्यावरच्या गाड्या आणि धूर कमी होतो, हा युक्तिवाद आपल्याच पुस्तकांत आहे. आंदोलनातल्या बहुतेकांचंही म्हणणं 'मेट्रो नको' असं नव्हतं, 'कारशेड इथे नको' असं होतं. आणि आरेतली सुमारे ६०० एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय सप्टेंबर २०२० मध्ये झाला, तो या सगळ्या गदारोळाशिवाय झाला असता असं मला वाटत नाही. पण त्याचं श्रेय एका गाण्याला देणं हा वर्षानुवर्षं लढणाऱ्या लोकांवर अन्याय होईल.

मग गाण्याचा उपयोग काय? इथे सॅम्पलिंगकडे परत येऊ या. कुठल्याही प्रोजेक्टचा सर्व्हे म्हणजे सॅम्पलिंगच. झाडांची संख्या, मातीचा प्रकार, पाण्याची पातळी, खर्च. ज्याचा नमुना घेतला नाही ते आउटपुटमध्ये येत नाही. उलट एलियासिंगसारखं होतं आणि खोटं चित्र तयार होतं: पाडे, देव, स्मशान, वाटा, औषधी झाडांची माहिती यांना रकानाच नसेल, तर कागदावर ती जागा 'मोकळी' दिसते. गाण्याने काय केलं? रिपोर्टमध्ये नसलेला नमुना घेतला आणि लाऊडस्पीकरवर लावला. झाड वाचवणं त्याच्या हातात नव्हतं. 'तिथे कुणी नव्हतंच' हे खोटं मात्र त्यानंतर कुणाला बोलता येऊ नये, एवढी नोंद त्याने केली.

कान लावण्याचं शास्त्र

याच यंत्रांचा दुसराही एक उपयोग आहे, आणि तो एका इलेक्ट्रॉनिक संगीतकारानेच दाखवला. अमेरिकेतले बर्नी क्राउस हे मूग सिंथेसायझर वाजवणारे सुरुवातीच्या काळातले कलाकार. १९७० साली पॉल बीव्हर यांच्याबरोबर केलेल्या पर्यावरणावरच्या अल्बमसाठी ते बाहेर आवाज रेकॉर्ड करायला गेले आणि मग निसर्गाचे आवाज टिपणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम झालं.

१९८८ साली कॅलिफोर्नियातल्या लिंकन मेडो या जागी त्यांनी पहाटेचे आवाज टिपले. लाकूड कंपनीचं म्हणणं होतं, आम्ही निवडक झाडंच तोडू, पर्यावरणाला धक्का लागणार नाही. एका वर्षाने क्राउस त्याच जागी, त्याच सुमारास परत गेले. डोळ्यांना काहीच बदललेलं दिसत नव्हतं, फोटोही आधीसारखाच! पण स्पेक्ट्रोग्राममध्ये आधी पक्ष्यांच्या आवाजांनी भरलेली जागा जवळजवळ रिकामी होती. राहिला होता तो ओढ्याचा आवाज आणि एका सुतारपक्ष्याची ठकठक. पुढच्या पंचवीस वर्षांत ते पंधरा वेळा तिथे गेले, तरी पहिला आवाज परत आला नाही.

एकाने आवाज केला, दुसऱ्याने आवाज ऐकला. दोघांच्याही हातात यंत्रं त्याच घराण्यातली.

आणि आपली उजनी?

आपल्या टेंभुर्णीजवळ भीमेवर उजनी धरण आहे, १९८० साली पूर्ण झालेलं. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी बघायला लोक लांबून येतात. पण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा करत याच जलाशयात येतं आणि उन्हाळ्यात पाणी हिरवंगार दिसतं. धरणात ज्यांची गावं गेली त्यांची घरंही याच पाण्याखाली आहेत. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं आणि आठवण करून देतं. धरणाच्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे, हेही तितकंच खरं.

तेव्हा एक सुचवते. खर्च शून्य, यंत्र प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. दर महिन्याच्या एका ठरलेल्या रविवारी, एकाच ठिकाणी, सूर्योदयाच्या वेळी काठावर दहा मिनिटं रेकॉर्डिंग करायचं. तारीख, वेळ, हवा आणि पाण्याचा रंग लिहून ठेवायचा. ज्यांचं गाव पाण्याखाली गेलं अशा एखाद्या आजोबांचं बोलणंही त्यांची परवानगी घेऊन टिपायचं. बारा महिन्यांत बारा फाइल्स होतील. एका वर्षात काही सिद्ध होणार नाही, पण पुढच्या बॅचने तेच केलं तर तुलना करता येईल. स्पेक्ट्रोग्राम काढण्याची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, आणि कुणाला त्यावर बीट बनवून गॅदरिंगला वाजवायचा असेल तर उत्तमच!

उद्या आपल्यातलाच कुणी कारशेडचं ड्रॉइंग काढेल, कुणी कालव्याचा सर्व्हे करेल, कुणी कारखान्याच्या सांडपाण्याचा प्लँट चालवेल. सही आपली असेल. तेव्हा सर्व्हेच्या फॉर्ममध्ये एक रकाना आपल्या हाताने वाढवायला विसरू नका: इथे आवाज कुणाकुणाचा आहे?